भाकरी देणाऱ्याचा अधिकार : नर्मदाकाठची क्वेकर अनाथालये

ज्या पंथात पुरोहित नाही, ज्याच्या उपासनागृहात वेदी नाही, मूर्ती नाही आणि घंटाही नाही, ज्याचे अनुयायी आठवड्यातून एकदा साध्या खोलीत एकत्र जमून तासभर मौन धरून बसतात आणि कोणाला अंतःप्रेरणा झालीच तर तेवढ्यापुरता तो उठून चार शब्द बोलून पुन्हा खाली बसतो, त्या पंथाने परमुलखात मिशनरी धाडावेत, शाळा चालवाव्यात आणि शेकडो पोरक्या मुलांचे पालकत्व पत्करावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी काहीशी विसंगतच वाटते. धर्मप्रसार करू म्हणणाऱ्याला बोलावे लागते, शिकवावे लागते, प्रसंगी आज्ञाही कराव्या लागतात. आणि ईश्वराचा प्रकाश प्रत्येक मनुष्याच्या अंतर्यामी आधीपासूनच वसत असल्यामुळे त्या दोघांच्या मध्ये तिसऱ्या कोणी उभे राहण्याचे कारण नाही, हा तर या लोकांचा मूळ सिद्धान्त. तरीही इंग्लंडातील क्वेकर नर्मदेच्या दक्षिण तीरावरील होशंगाबादेस, म्हणजे हल्लीच्या नर्मदापुरमास आले, त्या जिल्ह्यात त्यांनी शाळा, अनाथालये आणि कारखाने उभारले आणि शंभराहून अधिक वर्षे त्या मुलखाशी संबंध राखला. या दीर्घ वास्तव्यात त्यांच्या तत्त्वाची आणि त्यांच्या दयेची परस्परांशी जी झटापट झाली, ती धर्मांतरावरील नेहमीच्या वादविवादापेक्षा अधिक विचारार्ह आहे. कारण अन्नाला आणि आसऱ्याला मोताद झालेल्या मुलाला जवळ केल्यावर त्याच्या मनावर आपला अधिकार कितपत चालावा, हा प्रश्न एकट्या मिशनऱ्यांपुढचा नव्हे.

हे लोक मूळचे कोण, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास, इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांच्यातील यादवीने सारा देश ढवळून निघाला असताना, एका विणकराचा मुलगा जॉर्ज फॉक्स (१६२४–१६९१) मनःशांतीच्या शोधात गावोगाव हिंडला आणि धर्मगुरूंच्या पांडित्यात जे सापडले नाही ते स्वतःच्या अंतःकरणात सापडल्याचे सांगू लागला. त्याच्याभोवती जमलेल्या मंडळींनी स्वतःस 'फ्रेंड्स' म्हणवून घेतले. क्वेकर हे नाव इतरांनी थट्टेने ठेवलेले, पण तेच रूढ झाले. सत्य सर्वत्र एकच असल्यामुळे न्यायासनापुढे वेगळी शपथ घ्यावयाची नाही, सर्व मनुष्ये समान असल्यामुळे सरदारापुढे टोपी काढावयाची नाही, कोणत्याही कारणास्तव शस्त्र धरावयाचे नाही आणि सरकारमान्य चर्चला दशांश द्यावयाचा नाही, अशा एकेका निश्चयापायी त्यांच्यातील हजारोंनी तुरुंगवास सोसला. १६८९ च्या कायद्याने त्यांना उपासनेची मोकळीक मिळाली, तरी विद्यापीठे आणि सरकारी हुद्दे त्यांना बंदच राहिले. साहजिकच ही माणसे व्यापारउदिमाकडे वळली आणि एकाच भावाने, चोख मापाने व्यवहार करण्याची त्यांची ख्याती झाली. बार्कलेज आणि लॉइड्स या पेढ्या, किंवा कॅडबरी, राउनट्री आणि फ्राय हे चॉकलेटचे कारखाने, ही सारी मूळची क्वेकर घराणी. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लंडनमध्ये १७८७ साली जी समिती स्थापन झाली तिच्या बारा संस्थापकांपैकी नऊ जण याच पंथाचे होते, आणि न्यूगेटच्या तुरुंगातील स्त्रियांची दैना पाहून तुरुंगसुधारणेस वाहून घेणारी एलिझाबेथ फ्राय हीही याच पंथाची.

त्यांच्या परोपकाराची एक रीत आपल्या विषयाशी निकटची असल्याने तिचा येथे उल्लेख करतो. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडून भयंकर दुष्काळ माजला, तेव्हा तेथील मूठभर क्वेकरांनी १८४६ च्या नोव्हेंबरात डब्लिनमध्ये मध्यवर्ती साहाय्य समिती स्थापन केली आणि ठिकठिकाणी मोठमोठ्या कढया चढवून उपाशी माणसांना सूप वाटले. त्याच सुमारास काही प्रॉटेस्टंट मंडळी सुपाच्या वाडग्याबरोबर धर्मांतराची अट घालीत असल्याचा बोभाटा झाला, आणि त्या अटीस बळी पडलेल्यांना आयरिश लोकांनी दिलेले हिणकस नाव पुढे कित्येक पिढ्या पुसले गेले नाही. क्वेकरांनी मात्र कोणाचा धर्म विचारला नाही आणि कोणाचा पालटलाही नाही. कॅथॉलिक आयर्लंडात त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते ते यामुळे. येथे एक साधी गोष्ट ध्यानात ठेवावी : सूप पिणारा मनुष्य वाडगा रिता करून आपल्या घरी, आपल्या माणसांत आणि आपल्या देवळात परत जातो. ज्याला परत जाण्यासाठी घरच उरलेले नाही, अशा चार वर्षांच्या मुलाला अन्न देण्याची पाळी आली म्हणजे काय होते, याचा अनुभव या पंथास पुढे अर्ध्या शतकाने नर्मदेच्या खोऱ्यात यावयाचा होता.

आरंभीच्या क्वेकरांत दूरदेशी जाऊन संदेश सांगण्याचा उत्साह दांडगा होता. मेरी फिशर नावाची एक माजी मोलकरीण १६५८ मध्ये थेट तुर्कस्तानच्या सुलतानापुढे जाऊन उभी राहिली होती आणि त्या सुलतानाने तिचे म्हणणे आदरपूर्वक ऐकून घेतले होते. परंतु अठराव्या शतकात हा पंथ अंतर्मुख झाला. वेतन घेऊन प्रवचन करणे त्यांच्या दृष्टीने निषिद्ध. नेमून दिलेल्या दिवशी, नेमून दिलेल्या ठिकाणी ईश्वराची प्रेरणा होईलच असे गृहीत धरून माणसे परदेशी पाठविणे त्याहूनही अप्रशस्त. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत ख्रिस्ती पुनरुज्जीवनाची जी लाट उसळली, तिने या पंथाचा एक मोठा भाग बायबलनिष्ठ प्रचाराकडे ओढला आणि हा जुना संकोच हळूहळू ओसरला. १८६८ मध्ये 'फ्रेंड्स फॉरिन मिशन असोसिएशन' ही संस्था विधिपूर्वक स्थापन झाली. त्याच्या मागेपुढेच मादागास्कर बेटात क्वेकर शिक्षक पोहोचले. १८६९ मध्ये अमेरिकेतील इलाय आणि सिबिल जोन्स या दांपत्याच्या पुढाकाराने पॅलेस्टाइनमधील रामल्ला येथे मुलींच्या शिक्षणास आरंभ झाला. १८७३ मध्ये लेबनॉनच्या डोंगरातील ब्रुमाना येथे थिओफिलस वाल्डमायर या स्विस गृहस्थाने शाळा काढली. १८८७ मध्ये टोकिओत मुलींची शाळा निघाली आणि १९०२ मध्ये केनियातील कैमोसी येथे अमेरिकन क्वेकरांनी उद्योगमिशन सुरू केले. या शेवटच्या प्रयत्नास असे विलक्षण फळ आले की आज जगात क्वेकरांची सर्वांत मोठी वस्ती इंग्लंडात किंवा अमेरिकेत नसून केनियात आहे.

हिंदुस्थानात या कार्याचा प्रारंभ रेचल मेटकाफ या एकट्या बाईने केला. १८६६ मध्ये ती काशीस आली आणि अन्य पंथाच्या मिशनने स्त्रियांसाठी चालविलेल्या उद्योगशाळेत काम करू लागली. पुढे एल्काना आणि आयरीना बीअर्ड हे अमेरिकन क्वेकर दांपत्य तिला येऊन मिळाले आणि ही मंडळी जबलपुरास गेली. बीअर्ड पतिपत्नी स्वदेशी परतल्यानंतर, १८७० नंतरच्या दशकाच्या मध्यास, इंग्लंडहून आलेल्या नव्या सहकाऱ्यांसह मिशनचे ठाणे होशंगाबादेत स्थिर झाले. माळव्याचा सुलतान होशंगशाह याच्या नावाचे हे गाव एके काळी नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. १८१८ मध्ये ते इंग्रजांकडे गेले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांताची घडण झाल्यावर त्याचा कारभार पुन्हा नागपूरच्याच दफ्तरातून चालू लागला. जागेची निवड व्यवहारदृष्ट्या शहाणपणाची होती. मुंबई-जबलपूर लोहमार्ग १८७० मध्ये जोडला गेला होता, आणि सिवनी-मालवा, इटारसी, सोहागपूर ही जी मिशनची ठाणी पुढे झाली ती सारी त्याच मार्गावर ओळीने येतात. भोवताली गव्हाची काळीभोर जमीन, उत्तरेस नर्मदा, दक्षिणेस सातपुड्याच्या रांगा आणि त्यांत गोंड-कोरकूंची वस्ती, असा हा मुलूख.

पहिली वीस वर्षे या कार्याची गती फारच मंद होती. बाजारात उभे राहून प्रवचन केले तर लोक शांतपणे ऐकत आणि शांतपणेच निघून जात. ज्या गावाच्या घाटावर नर्मदेची आरती आणि परिक्रमावासीयांची वर्दळ बारमाही चालते, तेथील रहिवाशाला मोक्षाचा आणखी एक मार्ग ऐकून घेण्यात काहीच अडचण नव्हती आणि तो पत्करण्याची निकडही नव्हती. शाळा मात्र चालल्या, कारण इंग्रजी शिक्षणाची किंमत लोकांना कळू लागली होती. रेचल मेटकाफने होशंगाबादेत काही निराश्रित मुलामुलींना घरात घेतले होते, आणि उत्तर आयुष्यात तिचे शरीर पंगू होत गेले तरी त्या छोट्या अनाथालयाचा कारभार तिने सोडला नाही. १८८९ मध्ये तेथेच तिला मृत्यू आला. तोवर मुलांची संख्या मोजकी होती. एकेकाचे नाव, स्वभाव आणि खोड्या ठाऊक असाव्यात असा तो घरगुती संसार होता. मिशनने त्याच बेताने काम चालविले असते तर आज त्याची नोंद एखाद्या स्थानिक इतिहासाच्या तळटीपेत राहिली असती. परंतु तिच्या मृत्यूनंतर दहा वर्षांच्या आतच निसर्गाने आणि राज्यकारभाराने मिळून या घरगुती संसाराचे संस्थेत रूपांतर केले.

नर्मदेच्या खोऱ्यात १८९३ पासूनच गव्हाची पिके अवकाळी पावसाने आणि तांबेऱ्याने बुडत चालली होती. शेतकरी सावकाराच्या कर्जात बुडाला होता आणि जमीनमहसुलाचा तगादा मात्र सुटत नव्हता. अशातच १८९६ चा पाऊस ऐन मोसमात एकाएकी उघडला तो परतलाच नाही. त्या दुष्काळातून प्रांत सावरतो न सावरतो तोच १८९९ मध्ये पावसाने सपशेल दगा दिला; उत्तर हिंदुस्थानात संवत १९५६ वरून 'छप्पनिया' या नावाने ज्याची आठवण कित्येक पिढ्या राहिली, तोच हा दुष्काळ. पटकी, हगवण आणि हिवताप यांनी उपासमारीचे उरलेले काम पुरे केले. एरवी दर खानेसुमारीत वाढणारी मध्यप्रांताची लोकसंख्या १९०१ मध्ये दहा वर्षांपूर्वीपेक्षा घटलेली आढळली, एवढ्यावरून त्या दशकाची कल्पना यावी. दुष्काळी कामांवर खडी फोडावयास गेलेली आईबापे तेथेच दगावली, किंवा मुलांना रस्त्यावर, स्टेशनावर, मिशनच्या फाटकापाशी सोडून निघून गेली. सरकारी गरीबखान्यांत अशा बेवारशी मुलांची रीघ लागली. दुष्काळ ओसरल्यावर या मुलांचे काय करावे, याविषयी सरकारचे धोरण असे होते की प्रथम नातलग शोधावेत, ते न मिळाल्यास मुलाच्या जातिधर्मातील कोणी जिम्मा घेण्यास तयार आहे काय ते पाहावे, आणि तसेही कोणी पुढे आले नाही म्हणजे ते मिशनच्या हवाली करावे.

कागदावरील हा क्रम रास्त होता. परंतु प्रत्यक्षात पहिल्या दोन पायऱ्यांवर बहुधा कोणी उभे नसे. जातीबाहेरच्या कोणाच्या हातचे अन्न खाल्लेले मूल परत घेण्यास नातलगच कचरत, आणि अनोळखी जातीच्या पोराला घरात घेणारा गृहस्थ तर विरळाच. ही उणीव ज्यांना लज्जास्पद वाटली त्यांत लाला लजपतराय अग्रगण्य होत. १८९७ आणि १८९९-१९०० या दोन्ही दुष्काळांत त्यांनी आणि आर्यसमाजाच्या कार्यकर्त्यांनी हिंदू अनाथांच्या रक्षणाची चळवळ उभारून मध्यप्रांत आणि राजपुतान्यातील मुले पंजाबातील अनाथालयांत नेली. महाराष्ट्रातून पंडिता रमाबाई याच कामासाठी मध्यप्रांतात उतरल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात तेथील गरीबखाने आणि रस्ते धुंडाळून त्यांनी शेकडो मुली व बालविधवा आणल्या आणि केडगावच्या मुक्तिसदनाचा विस्तार प्रामुख्याने याच निमित्ताने झाला. बुंदेलखंडात नौगाव येथे डेलिया फिस्टलर आणि एस्थर बेअर्ड या अमेरिकेतील ओहायोच्या क्वेकर भगिनींनी तेच केले. म्हणजे एकाच काळात एकाच पोरक्या पिढीसाठी निरनिराळ्या श्रद्धांची माणसे धावत होती, आणि प्रत्येकाच्या दयेत आपल्या समाजाची गणती वाढविण्याचा विचार कमीअधिक प्रमाणात मिसळलेला होता. ही स्पर्धा कोणास रुचो न रुचो, तिच्यामुळे पुष्कळ मुले जगली, हे निर्विवाद आहे.

होशंगाबाद, सिवनी-मालवा आणि सोहागपूर येथे क्वेकर अनाथालये अशा रीतीने काही महिन्यांत शेकडो मुलांनी भरून गेली. मूठभर मिशनऱ्यांपुढे आता प्रश्न होता तो धान्याचा, कपड्यांचा, खरूज आणि डोळे येण्याच्या साथींचा. इंग्लंडातील सधर्मीयांनी पैसा पाठविला, परंतु माणसे तेवढीच होती. ज्यांचे स्नायू सुकले आहेत अशा मुलांना पोटभर अन्न एकदम दिले तर ती दगावतात, आणि थोडे थोडे द्यावे तर रात्रभर आक्रोश करतात, हा अनुभव दुष्काळी अनाथालयांत सर्वांनाच आला. जगली-वाचली त्यांच्यापुढे शिक्षणाचा प्रश्न आला. नुसत्या लेखनवाचनाने या मुलांना पोटाचा धंदा मिळणार नाही हे ओळखून शाळेस हस्तव्यवसायाची जोड देण्यात आली. होशंगाबादेजवळ रसूलिया येथे मिशनचा कारखाना उभा राहिला, तेथे मुले सुतारकाम आणि लोहारकाम शिकली. मुलींना शिवणकाम आणि घरकाम शिकविण्यात येई. ज्यांचा ओढा शेतीकडे होता त्यांना मिशनने मिळविलेल्या जमिनींवर वसविण्यात आले. मध्यप्रांतात मालगुजारीची पद्धत असल्यामुळे जमिनीबरोबर कुळेही येत आणि कुळांबरोबर धनीपणाही. ज्या पंथाने सरदारापुढे टोपी काढण्याचे नाकारून तुरुंग पत्करला होता, त्याच पंथाचा साहेब येथे आपल्याच वाढविलेल्या मुलांचा शिक्षक, मालक, जमीनदार आणि सोयरीक जुळविणारा वडीलधारा, असा चहूकडून मायबाप होऊन बसला.

तत्त्वाची खरी ओढाताण येथे सुरू झाली. इतर मिशनांत ख्रिस्ती झाल्याची खूण म्हणजे बाप्तिस्मा. हिंदू समाजही त्या पाण्यालाच सीमारेषा मानी आणि तो संस्कार झालेल्या मनुष्यास जातीबाहेर समजे. क्वेकरांना कोणताही बाह्य संस्कार मान्य नव्हता, मग बाप्तिस्मा कुठून देणार? त्यांच्या रिवाजाप्रमाणे मनुष्य आपल्या अंतःकरणाच्या साक्षीने सभेकडे अर्ज करतो, सभा त्याच्याशी बोलून त्याची नोंद करते, आणि या साऱ्यात त्याची प्रौढ, स्वतंत्र निवड गृहीत धरलेली असते. ज्याने डोळे उघडले ते मिशनच्या अंगणात, जो जेवतो मिशनच्या पंगतीत आणि ज्याला उद्याची नोकरी मिळणार तीही मिशनच्याच कारखान्यात, त्याच्या अर्जात स्वतंत्र निवड किती आणि अन्नदात्याच्या मर्जीचे भान किती, हे कोणत्या सभेने आणि कसे ठरवावे? तासभराचे मौनही मुलांच्या गर्दीत टिकणारे नव्हते. भजने, बायबलाचे पाठ आणि प्रवचन ही त्यांच्या उपासनेत आली आणि पगारी प्रचारकही आले. क्वेकर सभेत मते मोजून निर्णय होत नाही. सर्वांचे म्हणणे ऐकून सभेचा जो एकंदर कल दिसेल तो लिहून घेतला जातो. ही सुंदर पद्धत समानांच्या सभेत चालते. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांचे वेतन उरलेल्या निम्म्यांच्या हाती असले म्हणजे एकमत फार लवकर होते.

१९०७ मध्ये 'मिड-इंडिया इयरली मीटिंग' या नावाने हिंदी क्वेकरांची स्वतंत्र वार्षिक सभा स्थापन झाली, ती या ओढाताणीतून बाहेर पडण्याच्या इच्छेने. परंतु पैसा, जमीन आणि कारखाने यांचा ताबा दीर्घ काळ मिशनकडेच राहिल्यामुळे सभेचे स्वातंत्र्य बरेचसे नावापुरते राहिले. अनाथालयांतून वाढलेला समाज संख्येने लहान आणि भोवतालच्या गावगाड्यापासून तुटलेला होता. त्यांच्यातून शिक्षक, परिचारिका, कारागीर आणि रेल्वेतील नोकर निपजले, अनेक घराणी प्रतिष्ठेने नांदू लागली. दुष्काळात मरणपंथास लागलेल्या लेकरांची नातवंडे पदवीधर झाली, हे काही थोडे नव्हे. परंतु संकट आले की मिशनच्या बंगल्याकडे पाहण्याची सवय एका पिढीत जात नाही. स्वतः क्वेकर असलेल्या मार्जरी साइक्स यांनी हिंदुस्थानातील क्वेकरांचा इतिहास लिहिताना या परावलंबनाची चिकित्सा आतल्या माणसाच्या सहानुभूतीने, तरीही भीडमुर्वत न ठेवता केली आहे. बाहेरचे टीकाकार धर्मांतराच्या आकड्यांवर बोट ठेवीत. खुद्द पंथातील विचारी लोकांना बोचत होते ते हे की आपण माणसे वाचविली खरी, पण त्यांना आपल्यापुढे मान वर करून नकार देता येईल अशी वाढविली काय?

या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकात हळूहळू कृतीतून मिळत गेले. पहिल्या महायुद्धानंतर पराभूत जर्मनीतील उपाशी मुलांना अमेरिकन क्वेकरांनी जे अन्नदान केले, ते एका वेळी दररोज दहा लाखांच्या घरात गेले होते. ते तेथील शाळांमधून आणि तेथीलच स्वयंसेवकांच्या हातून वाटले गेले, आणि कोणत्याही मुलाच्या धर्माला त्याचा स्पर्श झाला नाही. आयर्लंडातील जुनी रीतच ही, फार मोठ्या प्रमाणावर. १९२७ मध्ये इंग्लंडातील मिशन-संस्था आणि परदेशी साहाय्यकार्य करणारी संस्था यांचे एकीकरण होऊन 'फ्रेंड्स सर्व्हिस कौन्सिल' झाली, तेव्हा प्रचाराच्या जागी सेवा आली. याच कौन्सिलला तिच्या अमेरिकन भगिनीसंस्थेसह १९४७ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. इकडे हिंदुस्थानात गांधीयुग सुरू झाले होते, आणि धर्म पालटण्याच्या हेतूने केलेली सेवा ही सेवाच नव्हे, हा गांधीजींचा आक्षेप क्वेकरांना परका वाटला नाही, कारण तो त्यांच्याच पूर्वजांच्या तत्त्वातून निघत होता. १९३० नंतरच्या दशकात हिल्डा कॅशमोर या ब्रिस्टलमध्ये लोकसेवेचा अनुभव घेतलेल्या विदुषी रसूलियास आल्या आणि अनाथांच्या जुन्या कारखान्याच्या जागी आश्रमवजा ग्रामसेवाकेंद्राची वहिवाट सुरू झाली. जेफ्री मॉ यांच्यासारखा मिशनरी तर नर्मदेच्या काठाकाठाने यात्रेकरूंच्या संगतीने पायी हिंडला आणि त्या नदीवर त्याने जे लिहिले त्यात उपदेशकापेक्षा यात्रेकरूच अधिक दिसतो. डोनाल्ड ग्रूम हे क्वेकर कार्यकर्ते पुढे विनोबांच्या भूदानयात्रेत चालले.

या परिवर्तनाचा एक धागा थेट वर्ध्यास येऊन पोहोचतो. मार्जरी साइक्स (१९०५–१९९५) या यॉर्कशायरच्या एका शिक्षकाच्या कन्या. केंब्रिजचे शिक्षण आटोपून १९२८ मध्ये त्या मद्रासच्या मुलींच्या मिशनशाळेत शिकवावयास आल्या, येथेच क्वेकर झाल्या आणि १९३९ मध्ये रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात दाखल झाल्या. स्वातंत्र्यानंतर हिंदी नागरिकत्व पत्करून १९४९ पासून दहा वर्षे त्यांनी वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे, आर्यनायकम दांपत्याने चालविलेल्या हिंदुस्थानी तालीमी संघात, गांधीजींच्या नयी तालीम या शिक्षणपद्धतीच्या शिक्षकांना तयार करण्याचे काम केले. येथे त्या संस्थेच्या धनी नव्हत्या. दुसऱ्यांनी आखलेल्या प्रयोगात, दुसऱ्यांच्या शिस्तीखाली, सूत कातीत आणि झाडलोट करीत त्या शिकवीत होत्या. मिशनरी बाईने देशी संस्थेत शिक्षक म्हणून नम्रपणे दाखल व्हावे, हा क्रम रेचल मेटकाफच्या काळी कोणाच्या कल्पनेतही आला नसता. आयुष्याच्या उत्तरार्धात त्या रसूलियास जाऊन राहिल्या, तोवर ते केंद्र पुरते पालटले होते.

ते कसे पालटले होते याचा दाखला १९७२ मध्ये सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञानशिक्षण कार्यक्रमात मिळतो. रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर आणि बनखेडीची किशोर भारती या दोन संस्थांनी राज्यसरकारची परवानगी काढून जिल्ह्यातील सोळा सरकारी माध्यमिक शाळांत सहावी ते आठवीच्या मुलांना विज्ञान शिकविण्याची निराळी पद्धत आरंभिली; दिल्ली विद्यापीठातील अध्यापक आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ तीत सामील झाले. पाठ्यपुस्तकातील व्याख्या घोकण्याऐवजी मुलांनी शेतातील रोपे, डबक्यातील पाणी, बी-बियाणे आणि गावच्या बाजारात मिळणाऱ्या स्वस्त वस्तू घेऊन स्वतः प्रयोग करावेत, निरीक्षणे वहीत लिहावीत आणि त्यांवरून वर्गात वाद घालावा, असा परिपाठ होता. परीक्षेत पुस्तक उघडून पाहण्याची मुभा असे, कारण जे विचारावयाचे ते पुस्तकात आयते सापडणारे नसे. 'सवालीराम' नावाचे एक काल्पनिक पात्र निर्माण करण्यात आले आणि खेड्यातील मुले त्याला पत्रे लिहून वाटेल ते प्रश्न विचारीत. १९७८ मध्ये हा कार्यक्रम सबंध जिल्ह्यात पसरला, १९८२ मध्ये त्यातून एकलव्य ही संस्था उभी राहिली आणि २००२ मध्ये राज्यसरकारने तो बंद केला. ज्या भूमीवर एके काळी पोरक्या मुलांना प्रार्थना शिकविल्या गेल्या, तेथूनच मुलांना शिक्षकाच्या उत्तरावर शंका घेण्यास शिकविण्याची चळवळ निघाली, आणि तीत क्वेकर पंथाचे नाव शोधून काढावे लागते इतके ते मागे राहिले.

यावरून अनाथालयांचा कालखंड चुकीचा आणि नंतरचा बरोबर, असा सुटसुटीत निवाडा देण्याचा मोह व्हावा, पण तो टाळलेला बरा. १९०० साली गरीबखान्यात पडलेल्या मुलाला प्रश्न विचारण्याच्या स्वातंत्र्यापूर्वी पेजेची वाटी हवी होती, आणि ती देण्यास जे पुढे आले त्यांना तत्त्वाची शुद्धता पाहत बसण्याइतकी उसंत नव्हती. त्यांची चूक म्हणावयाची तर ती मुले घेण्यात नव्हती. मुले मोठी झाल्यावरही हात न सोडण्यात होती, आणि ती चूक प्रेमातून झाली म्हणून कमी हानिकारक ठरली नाही. आपल्याकडील बालगृहे, आश्रमशाळा आणि वसतिगृहे आज बहुतांशी आपल्याच लोकांनी चालविलेली आहेत. तेथे धर्माऐवजी एखाद्या विचारसरणीचा, संस्थापकाच्या भक्तीचा किंवा नुसत्या कृतज्ञतेचा बाप्तिस्मा दिला जातो, आणि वर्धापनदिनी माजी विद्यार्थ्याकडून आभाराच्या भाषणाखेरीज दुसरे काही अपेक्षित नसते. अशा संस्थांच्या वार्षिक अहवालात किती मुले जेवली, शिकली आणि नोकरीस लागली याचे आकडे असतात, ते असावेतच. त्यांच्याच पंक्तीस आणखी एक आकडा छापण्याची प्रथा पडावी : या संस्थेत वाढलेल्यांपैकी आज किती जण तिच्या कार्यकारी मंडळावर आहेत, आणि गेल्या वर्षी त्यांनी किती ठरावांना विरोध नोंदविला. होशंगाबादच्या क्वेकरांना हा आकडा मिळविण्यास दोन पिढ्या लागल्या. त्यांचा अनुभव समोर असताना इतरांना तेवढा वेळ लागण्याचे कारण नाही.